मागच्या शॉकची स्प्रिंग तुमच्या वजनाला बसते का?

‘शॉकअप कडक करून घे’ हा सल्ला मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. मेकॅनिक हूक स्पॅनर लावतो, शॉकवरची रिंग दोन स्टेप फिरवतो, आणि गाडी मागून उचलल्यासारखी वाटते. अंगाने भारी असलेल्या माणसाला चार दिवस बरंही वाटतं. पण त्या फिरवण्याने स्प्रिंग तसूभरही कडक झालेली नसते. बदलते ती फक्त गाडीची उंची. स्प्रिंगचा कडकपणा वेगळा आणि प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच दिलेला दाब, वेगळा. या दोघांची गल्लत झाली की पैसे खर्चूनही कंबर धरायची थांबत नाही.

कडकपणा मोजायची पद्धत साधी आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जेवढं बळ लागतं, तो तिचा रेट. १०० न्यूटन प्रति मिमी रेटची स्प्रिंग पहिला मिलिमीटर दाबायला १०० न्यूटन घेते, दुसरा दाबायला आणखी १००, तिसरा दाबायला आणखी १००. एक किलोचा भार म्हणजे ९.८१ न्यूटन, म्हणजे ही स्प्रिंग दर मिलिमीटरला साधारण १० किलो मागते. काही कंपन्या हाच आकडा किलो प्रति मिमीमध्ये देतात, अमेरिकन माल पाउंड प्रति इंचात येतो. १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी आणि ५६ पाउंड प्रति इंच. त्यामुळे एका स्प्रिंगवर ९.५, दुसरीवर ९३ आणि तिसरीवर ५३० लिहिलेलं असेल, तर तिन्ही जवळपास एकाच कडकपणाच्या आहेत. ऑर्डर देताना आकड्याबरोबर एकक विचारा.

हा रेट ठरतो तीन मापांवर: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळी वेटोळी किती. त्यात जाडीचा हिशोब चौथ्या घाताने होतो. तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. रिंग फिरवल्याने या तिन्हींपैकी काहीच बदलत नाही.

मग प्रीलोड काय करतो? समजा १०० रेटची स्प्रिंग शॉकवर बसवताना १५ मिमी दाबून बसवली आहे. म्हणजे ती आधीच १५०० न्यूटनने दबून बसली आहे. शॉकवर तेवढा भार येईपर्यंत तो हलणारच नाही, आणि एकदा हलायला लागला की पुन्हा दर मिलिमीटरला १०० न्यूटनच. रिंग आवळली की सुरुवातीचा उंबरठा वर जातो, त्यापुढचा चढ तोच राहतो. कमकुवत स्प्रिंगवर भरमसाट प्रीलोड दिला की शॉक वर ताठ आणि खाली पोकळ होतो. लहान खडीवर अंग हादरतं आणि मोठ्या खड्ड्यात तरीही बुडाशी आपटतं.

चाकापाशी स्प्रिंग वेगळीच दिसते

मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉक असलेल्या गाडीत शॉक चाकाजवळ नसतो, मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या (स्विंगआर्म) बिजागरीजवळ (पिव्होट) असतो. त्यामुळे चाक ३ मिमी वर आलं की शॉक साधारण १ मिमीच दबतो. हे प्रमाण म्हणजे लिव्हरेज रेशो. चाकाच्या एकूण प्रवासाला शॉकच्या दांड्याच्या प्रवासाने भागलं की तो मिळतो. चाकाचा प्रवास मॅन्युअलमध्ये दिलेला असतो: जुन्या हिमालयन ४११ चा मागे १८० मिमी, हिमालयन ४५० चा २००, एक्सपल्स २०० चा १७०. शॉकचा प्रवास मोजता येतो किंवा शॉक बनवणाऱ्याकडून मिळतो.

गंमत अशी की चाकापाशी जाणवणारा रेट काढताना या प्रमाणाच्या वर्गाने भागावं लागतं. प्रमाण ३ असेल तर बळ एक तृतीयांश होतं, आणि हालचालही एक तृतीयांश होते. दोन्ही मिळून भागाकार ९ चा. १०० ची स्प्रिंग चाकापाशी ११.१ उरते. म्हणूनच मित्राच्या गाडीत कोणती स्प्रिंग आहे हे विचारून उपयोग नसतो. त्याच्या गाडीचं लिव्हरेज २.६ असेल, तर तुमच्या गाडीसाठी कडक वाटणारा आकडा त्याच्याकडे फारच कडक ठरतो. शॉक आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये जोडदांड्या (लिंकेज) असलेल्या गाड्यांत हे प्रमाण प्रवासाबरोबर बदलतं, तिथे सरासरी धरायची. दोन शॉकच्या गाडीत दोन्ही स्प्रिंगांची बेरीज करून मग भागायचं. तिथे शॉक चाकाजवळच असल्याने प्रमाण १ च्या आसपास राहतं आणि स्प्रिंगा बऱ्याच मऊ लागतात.

दोन सॅग, आणि त्यांतलं अंतर

गाडी स्वतःच्या वजनाने जितकी बसते तो स्टॅटिक सॅग. चालवणारा पूर्ण गिअर घालून बसल्यावर एकूण जितकी बसते तो रायडर सॅग. दोन्ही चाकापाशी मोजायचे, आणि दोन्हींची सुरुवात चाक हवेत लटकत असतानाच्या मापापासून.

यासाठी चालवणारा, गाडी धरणारा आणि मोजणारा अशी तीन माणसं लागतात. टाकी नेहमी असते तेवढी भरलेली ठेवा. १५ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ११ किलो. मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर किंवा कॅरिअरवर मास्किंग टेप चिकटवून पेनाने रेघ मारा. अॅक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर प्रत्येक वेळी मोजायचं, तेही त्याच दोन खुणांमध्ये.

आधी मागचं चाक जमिनीवरून पूर्ण उचलून मोजा. समजा ६१२ मिमी आलं. मग गाडी सरळ उभी धरा, मागून हाताने खाली दाबा, हळू वर येऊ द्या आणि मोजा. नंतर मागून थोडी उचला, हळू बसू द्या, पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे येतील, समजा ५८६ आणि ५९०. सील, बुश आणि बेअरिंगचं घर्षण गाडीला नेमक्या जागी येऊ देत नाही, म्हणून सरासरी घ्यायची: ५८८. स्टॅटिक सॅग झाला २४ मिमी. आता हेल्मेट, जॅकेट, बूट, पाठीवरची बॅग, सगळं घालून चालवणाऱ्याने बसायचं, पाय फुटपेगवर, मागचा ब्रेक मोकळा. दुसऱ्याने समोरून हॅन्डल धरायचं. पुन्हा दाबून आणि उचलून दोन मापं: ५३० आणि ५३६, सरासरी ५३३. रायडर सॅग ७९ मिमी.

दोन मापांतला फरक ६-७ मिमीच्या वर जात असेल तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवा. स्विंगआर्म किंवा लिंकेजची बेअरिंगं सुकलेली असतात. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या आणि प्रेशर वॉशरखाली वारंवार धुतलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. आधी ती उघडून ग्रीस भरा, मग मोजा.

आता लक्ष्य. अॅडव्हेंचर गाडीत रायडर सॅग प्रवासाच्या ३० ते ३३ टक्के, म्हणजे १८० पैकी ५४ ते ६० मिमी, आणि स्टॅटिक सॅग ७ ते १० टक्के, म्हणजे १२ ते १८. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स गाडीत प्रवास कमी असतो, तिथे ३० ते ४० आणि ५ ते १५ मिमी चालतात. ३०० मिमी प्रवासाच्या मोटोक्रॉस गाडीत १०० च्या आसपास आणि ३० ते ४०.

यातली मेख ही: रिंग आवळली की दोन्ही सॅग सारखेच कमी होतात, सैल केली की सारखेच वाढतात. दोघांतलं अंतर मात्र प्रीलोडने हलत नाही. ते फक्त स्प्रिंगचा रेट आणि तुमचं वजन ठरवतात. वरच्या उदाहरणात ते ५५ मिमी आहे. रायडर सॅग ७९ वरून ६० वर आणायला चाकापाशी १९ मिमी हवेत, म्हणजे रिंगवर सुमारे ६.३ मिमी. ते केलं की स्टॅटिक सॅग उरतो अवघा ५. पुढचा ब्रेक जोरात लावला, मागचा भार हलका झाला, की शॉक वरच्या टोकाला ठक्‌ करून लागणार. घाट उतरताना मागचं चाक उड्या मारतं ते बरेचदा यामुळे. रायडर सॅग बरोबर आणि स्टॅटिक जवळपास शून्य, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे. रायडर सॅग बरोबर आणि स्टॅटिक बराच जास्त, तर स्प्रिंग कडक. नवख्यांना हे हमखास उलटं वाटतं. ‘गाडी नुसतीच एवढी बसते म्हणजे स्प्रिंग मऊच’ असं म्हणून पन्नास किलोचा माणूस आणखी कडक स्प्रिंग मागवतो.

काट्यावर गाडी चढवा

टेपबरोबर वजनकाटा मिळाला तर स्प्रिंग न काढता तिचा रेट काढता येतो. घरातला काटा बहुधा १५० किलोला हात टेकतो. धान्याच्या दुकानातला किंवा भंगारवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. मागचं चाक काट्यावर, पुढचं चाक तितक्याच उंचीच्या फळीवर. नुसत्या गाडीचं आणि गिअरसह बसल्यावरचं, अशी दोन वजनं घ्या.

सुमारे २०० किलोच्या गाडीचं उदाहरण घेऊ. मागच्या चाकावर नुसतीचे ९८ किलो, चालवणारा बसल्यावर १६०. चालवणारा ९५ किलोचा, गिअर ८ किलो, एकूण १०३. त्यातले ६२ मागे आले, बाकी पुढच्या चाकावर. ६२ किलो म्हणजे ६०८ न्यूटन, आणि तेवढ्याने गाडी ५५ मिमी बसली. भागाकार ११.०५, हा चाकापाशीचा रेट. लिव्हरेज ३ असेल तर गुणिले ९, म्हणजे स्प्रिंग १०० ची. स्प्रिंगवरचा रंग उडालेला असो, नंबर नसो, हरकत नाही.

आता किती हवी? ६० आणि १५ असे सॅग हवेत, म्हणजे अंतर ४५. आज ५५ आहे. १०० गुणिले ५५ भागिले ४५, उत्तर १२२. दुसरा मार्ग एकूण भाराचा. मागच्या चाकावरच्या वजनातून चाक, टायर, ब्रेक, स्विंगआर्मचा अर्धा भाग असे साधारण २० किलो वजा करा, कारण ते स्प्रिंगवर बसत नाहीत. उरतात १४० किलो. याच गाडीवर ७० किलोचा माणूस गिअरसह बसला तर मागे ४७ किलो येतात, स्प्रिंगवर एकूण १२५, आणि त्याला १०० ची स्प्रिंग थोड्या प्रीलोडवर नीट बसते. त्या प्रमाणात १४० ला ११२. पहिलं उत्तर १२२, दुसरं ११२. स्प्रिंगा बहुधा ५-५ च्या टप्प्याने मिळतात, तेव्हा ११५ किंवा १२०. ११५ घेतली तर ६० च्या रायडर सॅगला स्टॅटिक १२ येतो, प्रीलोड १६ मिमीच्या आसपास. १२० ला स्टॅटिक १४, प्रीलोड १४ मिमी. दोन्ही चालतील. मागे टॉप बॉक्स कायम लागलेला असेल तर १२० घ्यावी.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर नुसतं वजन विचारून एक आकडा देतात. तो सुरुवातीला ठीक. पण त्यात तुमचं सामान, बसण्याची पद्धत आणि गाडीवर चढवलेलं क्रॅशगार्ड, स्टँड, बॅश प्लेट हे काहीच नसतं.

डबलसीटचं गणित निराळं आहे. मागे बसलेल्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं; ६० किलोतले ५५ तरी. अॅक्सलच्या मागे लटकणारी बॅग तर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते आणि पुढचं चाक हलकं करते. १२० च्या स्प्रिंगवर हे ५५ किलो आणखी ४० मिमी बसवतात, म्हणजे रायडर सॅग १००. ते भरून काढायला रिंगवर १३ मिमीच्या वर प्रीलोड लागेल. नेहमी एकटे जात असाल आणि वर्षातून दोनदा कोणी मागे बसत असेल, तर एकट्याच्या हिशोबाने स्प्रिंग घ्या आणि त्या दिवशी रिंग आवळा. निम्म्याहून अधिक वेळ डबलसीट असाल तर १३० घ्या. एकट्याला स्टॅटिक सॅग १८ पर्यंत जाईल, तो सहन होतो. स्प्रिंग कडक केली म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं, कारण रिम, सबफ्रेम आणि टायर तेच आहेत.

कंपनीच्या बऱ्याच शॉकवर एका टोकाला वेटोळी जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब असतात. ही प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग. सुरुवातीला मऊ, जवळची वेटोळी एकमेकींना टेकली की कडक. एकटा आणि डबलसीट दोघांना चालवून घेणारी ही तडजोड आहे. वरच्या पद्धतीने तिचा रेट काढला तर दोन सॅगच्या मधल्या पट्ट्यातलाच मिळतो. मी म्हणेन, वजन ठरलेलं असेल तर सरळ रेटची स्प्रिंग घ्या, तिच्यासोबत शॉकचं डॅम्पिंग (तेलाने स्प्रिंगची उसळी अडवणं) जुळवणं सोपं जातं.

स्प्रिंग घेताना आणि बसवताना

रेट जुळला म्हणजे स्प्रिंग बसेलच असं नाही. आतला व्यास, मोकळी लांबी आणि पूर्ण दाबल्यावरची लांबी ही तीन मापं पाहायलाच हवीत. आयबॅकच्या स्प्रिंगवर ०७००.२२५.०४०० असा नंबर असतो: ७ इंच लांबी, २.२५ इंच आतला व्यास, ४०० पाउंड प्रति इंच. काही कंपन्या रेट आणि लांबी एवढंच छापतात.

नंबर नसलेली स्प्रिंग हातात आली तर व्हर्नियरने मोजा. तार १२ मिमी, बाहेरचा व्यास ८१, म्हणून मधला व्यास ६९. एकूण ८ वेटोळी, त्यातली टोकांची दोन टेकलेली, काम करणारी ६. पोलादाचा स्थिरांक ७९,००० धरा, त्याला जाडीच्या चौथ्या घाताने गुणा. खाली ८ गुणिले मधल्या व्यासाचा घन गुणिले वेटोळी. उत्तर १०४ न्यूटन प्रति मिमी. हीच तार रंगासकट १२.२ मोजली गेली तर उत्तर १११ येईल. म्हणून जिथे रंग उडाला आहे तिथे मोजा.

आता याच स्प्रिंगची लांबी १७० मिमी असेल तर काय होतं ते पाहा. पूर्ण दाबली की ८ वेटोळी गुणिले १२, म्हणजे ९६ मिमीला ती एकसंध गज होते. १६ मिमी प्रीलोड आणि ६० मिमी शॉकचा प्रवास, एकूण ७६. १७० वजा ७६, उरतात ९४. शॉक तळाला जायच्या आधीच वेटोळी एकमेकींवर आदळतील, आणि तो धक्का शॉकच्या माउंटिंगला आणि फ्रेमला बसेल. १८० लांबीची हवी. मग ८ मिमी मोकळीक राहते.

स्प्रिंग बदलणं घरी करायचं काम नाही. १०० रेटवर १५ मिमी प्रीलोड म्हणजे शॉक बाकावर नुसता पडलेला असतानाही दीडशे किलोचं बळ कोंडलेलं असतं. योग्य कॉम्प्रेसर नसेल तर कॉलर उडून तोंडावर येते. आधी रिंगांचे आटे ब्रशने साफ करा, तेल सोडा, मगच रिंग पूर्ण सैल करून स्प्रिंग दाबा. जुनी स्प्रिंग काढण्यापूर्वी बसलेल्या अवस्थेतली लांबी लिहून ठेवा. नायट्रोजन भरलेल्या शॉकचा गॅस वाल्व्ह किंवा रिझर्व्हॉयर त्या कामाची साधनं नसताना उघडू नका.

जुगाडांत दोन फार चालतात. पहिला, वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर अडकवणं. त्याने एक-दोन वेटोळी बंद पडतात, रेट वाढतो, पण उरलेल्या वेटोळ्यांवरचा ताण वाढतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते. दुसरा, गॅसने स्प्रिंग कापणं. वेटोळी कमी झाल्याने रेट वाढतो हे खरं, पण लांबी जाते, टोक सपाट राहत नाही आणि उष्णतेने पोलादाचा कस जातो. कापलेली स्प्रिंग परत घेणारं कोणी नाही.

कडक स्प्रिंग दबताना जास्त ऊर्जा साठवते आणि तितक्याच जोरात परत फेकते. ती अडवायचं काम शॉकमधल्या तेलाचं, म्हणजे रिबाउंड डॅम्पिंगचं. स्क्रू असेल तर एक-दोन क्लिक आवळा. स्पीडब्रेकरवरून गेल्यावर सीट अंगाला वर फेकत असेल तर रिबाउंड कमी पडतोय. सलग खड्ड्यांत गाडी दर खड्ड्याला आणखी खाली बसत गेली तर तो जास्त झालाय. अॅडजस्टर नसलेल्या शॉकवर मूळ रेटच्या १५ टक्क्यांच्या वर जायचं असेल, तर शॉक उघडून वाल्व्हिंग (तेलाची वाट अडवणाऱ्या झडपांची रचना) बदलावंच लागतं. वरच्या उदाहरणातल्या १२० आणि १३० च्या स्प्रिंगा त्यात येतात.

मागची बाजू योग्य उंचीवर आली की चेनचा सैलपणा बदलतो, तो नव्याने लावून घ्या, आणि हेडलाइटही. आधी मागून बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांवर झोत टाकत होती, आता तोच झोत रस्त्यावर पडेल. वळणात बाहेर पळणारी गाडीही आत वळू लागते, कारण मागची बाजू वर आल्याने पुढच्या फोर्कचा कोन ताठ होतो. तेवढ्याने पुढच्या फोर्कवर थोडा जास्त भार येतो, म्हणून तिथलाही सॅग मोजा. फोर्कमध्ये लिव्हरेज नसतं, दोन स्प्रिंगांची सरळ बेरीज होते, त्यामुळे आकडे लहान दिसतात: मोटोक्रॉस गाडीत फोर्कच्या एका पायाला ४ ते ५ न्यूटन प्रति मिमी, स्पोर्ट्‌स गाडीत ८.५ ते १०. मधला आकडा हवा असेल तर एका पायात ५ आणि दुसऱ्यात ५.५ घातली तरी चालते. एकाच अॅक्सलला बांधलेले असल्याने चाकाला दोघींची बेरीजच कळते.